कप्तानपद नाकारले, उमेदवारी दिली : पी. बाळू समजून घेताना

एप्रिल आला की छत्रपती संभाजीनगरात जयंतीच्या क्रिकेट स्पर्धांचे फलक लागतात. भीमनगर-भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत प्रत्येक वस्तीत एक-दोन संघ तयार असतात. टेनिस बॉल, सहा-आठ षटकांचे सामने, मंडपात बाबासाहेबांचा फोटो आणि लाऊडस्पीकरवर भीमगीते. या पोरांना आयपीएलमधल्या प्रत्येक खेळाडूची बोली पाठ असते. पण पी. बाळू कोण, असे विचारले तर दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, "लगानमधला कचरा ज्याच्यावरून घेतला तो." दुसरे उत्तर जरा वाचलेल्या कार्यकर्त्याचे असते, "तो? तो बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला होता."

आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आपल्याच तरुणांचे नुकसान करणारी आहेत. पहिल्यात बाळूंची कीव आहे, दुसऱ्यात त्यांची फाईल बंद केलेली आहे. मधला सगळा माणूस, त्याची चाळीस वर्षे आणि त्या चाळीस वर्षांत जातिव्यवस्थेने केलेला व्यवहार दोन्ही उत्तरांत हरवून जातो. आज तो व्यवहारच समजून घ्यायचा आहे, कारण तो अजून चालू आहे.

तीन रुपये महिना

बाळू पालवणकर यांचा जन्म धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमाराचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चांभार समाजाचे. वडील लष्करी नोकरीत होते. महार असोत की चांभार, आपल्या कितीतरी कुटुंबांना गावगाड्याबाहेरची पहिली वाट इंग्रजांच्या लष्कराने दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच वाटेने गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

पुण्यात बाळूंना पहिले काम मिळाले ते पारशांच्या एका क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. तिथला नावाजलेला फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना आठ आणे देत असे, अशी गोष्ट सांगतात. बाळू डाव्या हाताचे फिरकी गोलंदाज झाले ते या शेकडो तासांच्या घामातून.

या क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षे चेंडू टाकले, पण त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाने करायची आणि गोलंदाजी चाकराने. मैदानावरसुद्धा कामाची वाटणी आधीच ठरलेली होती. आपल्याला हे काही नवीन नाही. बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे की जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे.

आता 'लगान' आठवा. २००१ च्या त्या सिनेमात कचराचा हात अधू आहे आणि म्हणून त्याचा चेंडू वळतो. म्हणजे गुण त्याने कमावलेला नाही, तो अपंगत्वातून अपघाताने आला. शिवाय त्याला संघात घेणारा नायक भाषण देऊन गावाचे मन वळवतो आणि कचरा हात जोडून उभा असतो. खऱ्या बाळूंचा हात अधू नव्हता. त्यांनी हा गुण रोज पहाटे घासून कमावला होता आणि हिंदू संघाने त्यांना घेतले ते दयेपोटी नाही, गोऱ्यांना हरवायला दुसरा गोलंदाज नव्हता म्हणून. आपला माणूस पडद्यावर आला एवढ्यावर खूश होऊ नका मित्रांनो. तो कसा आणला गेला तेही बघा.

मातीचा कप

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे की नाही यावरून क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद त्यांच्या बाजूने होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद विरोधात. शेवटी घेतले. कसे घेतले? मैदानात तोच चेंडू बाळूंच्या हातून ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात जायचा आणि परत यायचा, त्याला विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे. बाळूंना तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. हातपाय धुवायला पाणी हवे तर अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे.

इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली आलेल्या आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे तपशील सविस्तर मांडले आहेत. बाळू विकेट घेत गेले, संघ जिंकत गेला, तसे काही नियम सैल झाले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुचवल्याचेही गुहा लिहितात. पण लक्षात घ्या, कपाचा निर्णय चेंडू टाकणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता. आत बसलेल्यांनी तो जेव्हा आणि जेवढा बदलला, तेव्हा आणि तेवढाच बदलला.

मोजता येते ते आणि मोजता येत नाही ते

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली, अर्थात तिथेही आधी कुरकुर झालीच. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दोन्ही डावांत मिळून बाळूंचे आठ बळी. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर जल्लोष झाला. त्या जल्लोषात कोणी विचारले का, की या विजयाचा कणा असलेला माणूस कोणत्या विहिरीवर पाणी भरू शकतो?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज स्वतः मेजवान्यांत जास्त रमले. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. त्या पडझडीत बाळूंनी १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीतल्या त्यांच्या ३३ सामन्यांची बेरीज १७९ बळी आणि १५.२१ सरासरी अशी आहे. ज्यांना 'मेरिट' हा शब्द फार आवडतो त्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र विशीतल्या एका कॉलेज विद्यार्थ्याने तयार केले होते, अशी नोंद गुहांनी केली आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. ज्या वयात आपली पोरे खेळाडूंचे फोटो मोबाईलवर ठेवतात, त्या वयात बाबासाहेबांसमोर स्वकर्तृत्वावर उभा राहिलेला आपला माणूस म्हणून बाळू होते.

एवढे करूनही बाळू हिंदू संघाचे कप्तान कधीच झाले नाहीत. संघातला सर्वात ज्येष्ठ, सर्वात यशस्वी खेळाडू. वर्तमानपत्रांतून मागणी होत होती. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले तेव्हा हा मान बाळूंचा होता, असे खुद्द पैंनीच म्हटल्याचे सांगतात. तरी दरवर्षी तोच निर्णय. का?

या 'का'चे उत्तर आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे. विकेट मोजता येते. त्रिफळा उडाला की पंचालाही जात बघता येत नाही. म्हणून जिथे मोजमाप होते तिथे बाळूंना अडवणे अवघड होते. पण कप्तान कोण हे मोजून ठरत नाही, ते बंद खोलीत बसलेली समिती ठरवते. नेतृत्वगुण, स्वभाव, सर्वांना चालणारा माणूस असल्या शब्दांनी ठरवते. आज लेखी परीक्षेत पुढे असलेला आपला मुलगा मुलाखतीत मागे कसा पडतो, पीएच.डी. झालेल्या मुलीला 'योग्य उमेदवार आढळला नाही' असे उत्तर का मिळते, हे समजायला शंभर वर्षांपूर्वीचा हिंदू जिमखाना पुरेसा आहे. राबायचे काम आपल्याकडून घेतले जाते. ठरवायचे काम ते स्वतःकडे ठेवतात.

आमच्याच वस्तीतला एक वेगवान गोलंदाज आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या एका गावच्या संघाने त्याला पैसे देऊन खेळायला नेले. आम्ही चौघे बरोबर होतो. उपांत्य सामन्यात त्याने चार बळी घेतले. गावाने त्याला खांद्यावर घेतले, नावाने आरोळ्या दिल्या. मग सगळे आयोजकांच्या वाड्यावर जेवायला निघाले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. फक्त कोणीतरी विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आणि थोड्या वेळाने आम्हा पाच जणांचे जेवण कागदी पत्रावळींवर टेम्पोपाशी आले. "तुम्हाला लांब जायचंय, उशीर नको" असे प्रेमाने सांगण्यात आले. बाळूंचा मातीचा कप होता, आमच्या वाट्याला कागदी पत्रावळ. दोन्ही वापरून फेकून द्यायच्या वस्तू.

दोन भावांनी काय केले

बाळूंच्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी होते. आता तरी बाळूंचा नंबर लागेल असे वाटत होते. झाले उलटे. बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानपद वयाने व अनुभवाने कितीतरी लहान असलेल्या डी. बी. देवधरांकडे दिले. तेव्हा बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल, दोघेही संघाचे आधारस्तंभ, संघातून बाहेर पडले. नुसते रुसून बसले नाहीत. आपण का खेळत नाही आणि हा जातीचा अपमान कसा आहे, हे त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले.

परिणाम काय झाला? अंतिम सामन्याला बाळू संघात परत आले, उपकप्तान म्हणून. पै मैदानाबाहेर गेले असताना त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. आणि १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी संघ स्पर्धा जिंकला आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावरून मिरवले.

मित्रांनो, ११४ बळींनी जे दार उघडले नाही ते दोन भावांच्या नकाराने किलकिले केले. गुणवत्ता लागतेच, ती नसती तर त्या नकाराची कोणी दखलही घेतली नसती. पण गुणवत्ता एकटी पुरत नाही. बाबासाहेबांनी शिकण्याबरोबर संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले ते उगाच नाही.

१९३२ आणि १९३७

आता अवघड भाग. तो टाळून बाळूंची जयंती-पुण्यतिथी करणे हा भाबडेपणा होईल.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मिळवले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. या सगळ्या काळात बाळू बाबासाहेबांच्या मागणीच्या विरोधात, संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. पुणे करारावर 'पी. बाळू' अशी सही आहे. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूंनी विरोध केला. आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेवर बाबासाहेबांसमोर थेट बाळूंनाच उभे केले. निकाल असा : बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक अवघा दोन हजारांचा.

आता इथे थांबून विचार करा. ज्या सवर्ण प्रस्थापितांना बाळू अकरा खेळाडूंचे कप्तान म्हणून चालत नव्हते, त्यांना तेच बाळू कायदेमंडळात चालणार होते? चालणार होते, कारण हे कप्तानपद नव्हते. उमेदवार कोण हे पुन्हा त्यांनीच ठरवले होते आणि कोणाला बाद करायचे हेही त्यांनीच ठरवले होते. पूना क्लबात ज्याच्या हातात बॅट दिली नाही त्याच्या हातात पुन्हा एकदा फक्त चेंडू दिला गेला. समोर या वेळी बाबासाहेब होते.

पुणे कराराने जागा वाढवल्या, ७१ च्या १४८ केल्या. पण त्या जागांवर कोण बसणार हे ठरवण्याची ताकद बहुसंख्य सवर्ण मतदाराकडे गेली. १९३७ ला डाव थोडक्यात फसला. १९५२ च्या लोकसभेला तोच डाव नारायण काजरोळकरांना उभे करून पुन्हा टाकला गेला आणि राज्यघटनेचा शिल्पकार मुंबईत हरला.

मग बाळू चमचा होते का?

मान्यवर कांशीराम यांचे 'द चमचा एज' १९८२ मध्ये, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी आले. त्या पुस्तकाने आपल्याला एक हत्यार दिले. पण ते हत्यार व्यवस्था ओळखण्यासाठी आहे, शेजाऱ्याला मारण्यासाठी नाही.

बाळूंनी आयुष्यभर पाहिले होते की चांगले खेळलो तर कप बदलतो, ताट बदलते, हळूहळू माणसेही बदलतात. हिंदू समाज आतून बदलेल हा त्यांचा विश्वास त्यांच्या अनुभवातून आला होता. आमच्या मते तो अनुभव अपुरा होता. एका असामान्य गोलंदाजासाठी बदललेला कप गावकुसाबाहेरच्या लाखो लोकांसाठी बदलत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले आणि बाळू-विठ्ठलसारख्या अपवादांवर समाजाचे भवितव्य टांगायला नकार दिला. राजकीय वादात बाबासाहेब बरोबर होते, बाळू चुकले. हे स्पष्ट म्हणू. पण चुकणे वेगळे आणि विकले जाणे वेगळे.

दुसरी गोष्ट आजच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. काँग्रेसने बाबासाहेबांसमोर चांभार समाजाचे उमेदवार निवडले ते विचारपूर्वक. महार एका बाजूला, चांभार दुसऱ्या बाजूला, ही रेघ त्यांना हवी होती. आज उपवर्गीकरणाच्या वादात तीच रेघ पुन्हा गडद केली जात आहे. अशा वेळी आपण व्यासपीठावरून बाळूंना गद्दार म्हणतो, तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या रविदास मंडळाचा मुलगा काय ऐकतो? तो ऐकतो की आंबेडकरी चळवळीत त्याच्या पूर्वजांना जागा नाही. मग त्याला दुसरीकडे ओढायला कोणाला फार कष्ट पडत नाहीत.

शिवतरकर मास्तर चांभार समाजाचे होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभेच्या काळात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. पां. ना. राजभोज यांनी तर पुणे करारावर बाळूंसारखीच सही केली होती. तेच राजभोज पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये सोलापूरहून फेडरेशनच्या तिकिटावर लोकसभेत गेले. बाबासाहेबांनी दार बंद केले नव्हते. आपण कोण बंद करणारे?

सातासमुद्रापार तेच

ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा वेगळा फुटबॉल आहे. अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, हाताने आणि पायाने दोन्ही खेळायचा. त्या खेळातला ॲडम गुड्स हा तिथल्या आदिवासी समाजाचा खेळाडू. त्याची आई लहानपणी सरकारने घरातून हिरावून नेलेल्या पिढीतली. सिडनी स्वान्सकडून तो ३७२ सामने खेळला, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टाळ्या भरपूर मिळाल्या. मग २०१३ मध्ये प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला माकड म्हटले आणि त्याने मैदानातूनच बोट दाखवले. २०१४ मध्ये त्या देशाचा मोठा नागरी सन्मान मिळाला तेव्हा तो वंशवादावर उघड बोलू लागला. २०१५ मध्ये गोल केल्यावर त्याने आपल्या पूर्वजांचे युद्धनृत्य केले. त्यानंतर चेंडू त्याच्याकडे आला की आधीपासून होणारी हुर्यो आणखी वाढली. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. लीगने आणि तिच्या सर्व १८ क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये.

ग्रेगचे आठ आणे, गावच्या आरोळ्या, सिडनीच्या टाळ्या, या सगळ्यांना एकच अट चिकटलेली असते. खेळा, पण बोलू नका. गुड्सने अट मोडली, शिवराम-विठ्ठलनी त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी मोडली होती.

या जयंतीला एवढे करू

आमचे म्हणणे साधे आहे. या वर्षी आपल्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलंदाजाच्या चषकाला पी. बाळूंचे नाव द्या. मैदानावर दोन मिनिटे त्यांची गोष्ट सांगा, आणि १९३७ वगळून सांगू नका. रविदास मंडळाच्या, अण्णाभाऊंच्या नावाने चालणाऱ्या मंडळाच्या संघांना नुसते खेळायला बोलावू नका, आयोजन समितीत घ्या. मुलींचा एक सामना ठेवा. आणि चांगल्या खेळणाऱ्या पोरांना सांगा की पंचाची परीक्षा द्या, गुणलेखन शिका, प्रशिक्षक व्हा, जिल्ह्याच्या क्रीडा संघटनांच्या निवडणुका लढवा. निवड समितीत आपला माणूस नसेल तर मैदानातले अकराही आपले असून भागत नाही.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली. ज्या घरात बाळूंना आयुष्यभर कपासाठी, ताटासाठी, कप्तानपदासाठी थांबावे लागले, ते घर बाबासाहेबांनी सोडले. बाळूंची चाळीस वर्षे नीट वाचली, तर ते का सोडावे लागले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जय भीम!